वायरमनचं सूप

२५ सप्टेंबर

बार्शीच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, पेशंट रोज काय खाते ते लिहून ठेवा. लेकीच्या, प्रीतीच्या कॉलेजातली एक कोरी वही सापडली, तिच्यात लिहितोय. लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी मुगाचं पाणी, अर्धी वाटी. दुपारी नको म्हणाली. संध्याकाळी दूध, तेही ठसका लागून निम्मं अंगावर.

सरूच्या गळ्याला उन्हाळ्यात मशीनचे शेक दिले. शेक संपून पाऊस आला, पाऊसही आता सरत आला, पण तोंडातली जखम भरत नाही. लाळ सुटत नाही. तिखट सोडाच, जिऱ्याची फोडणीसुद्धा तिला विस्तवासारखी लागते. लग्नापासून जिनं मला ठेचा-भाकरी खाऊ घातली ती बाई आता वाटीकडं बघून तोंड फिरवते. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं मॅडम म्हणाल्या. मागं एकदा घातलेली नळी सरूनं स्वतःच्या हातानं ओढून काढली होती. येताना गाडीत ती एवढंच बोलली, "नळी न्हाय."

इतके दिवस माझी बहीण राहिली होती. परवा ती गेली. तिचं सोयाबीन पाण्यात उभं आहे, तिला थांब कसं म्हणू?

मी वायरमन. यंदाच्या पावसानं आमच्या वाशी तालुक्यात इतके पोल आडवे केलेत की घरी येतो तेव्हा हात खांद्याच्या वर जात नाहीत. आणि आता चूल माझ्याकडं. मला चहा येतो. बाकी काही येत नाही.

२७ सप्टेंबर

प्रीतीचा फोन. पोरगी पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, तिथं फ्रेंच जेवण करतात. म्हणाली, "पप्पा, आईला जे चालतं ना, ते लोक घरी तसंच खातात. मऊ, बिनतिखटाचं, लोण्याचं. मी सांगते, तुम्ही करा."

मी म्हणालो, "मला कुकर लावता येत नाही आणि तू फ्रान्सला चाललीस."

"कुकर नकोच. घरात काय आहे?"

घरात शेजारच्या दगडाबाईनं दिलेला लाल भोपळा होता. तिच्या परसात यंदा वेल माजलाय. लोणीही तिच्याच म्हशीचं. प्रीतीनं फोन फडताळाला टेकवून ठेवायला लावला आणि तिकडून बघत राहिली. लोण्यात कांदा टाकायचा, पण लाल करायचा नाही, नुसता घामेजू द्यायचा. मी गॅस मोठा केला की ती ओरडायची, "कांद्याला घाई करू नका, पप्पा!" मग भोपळा, पाणी, मीठ. शिजलं की मिक्सर. मी गरमच भरलं आणि झाकणावर हात ठेवायला विसरलो. अर्धा भोपळा भिंतीवर गेला. पोटाला भाजलं.

उरलेल्यात साय घालून सरूला दिलं. तिनं दोन चमचे घेतले. तिसरा घेतला. म्हणाली, "चव काय कळत न्हाय. पण मऊ हाय."

मग म्हणाली, "तुमी खाल्लं का?"

"मला हे काय करायचंय? पिठलं उरलंय सकाळचं."

"खाऊन बघा. मीठ कसंय ते मला कळत न्हाय, तुमीच सांगा."

म्हणून खाल्लं. मीठ कमी होतं. जेवण म्हणावं असं काही लागलं नाही, पण पोटात गरम गेलं.

त्यावर सरूचं नवीनच. एक वाटी दगडाबाईला देऊन या म्हणाली. मी चिडलो. दगडाबाई आमच्या घराला लागून राहते. भोपळा देईल, लोणी देईल, सरूच्या दुखण्यात रात्रभर उशाशी बसेल, पण आमच्या घरात शिजलेलं तिनं आजवर तोंडात घातलेलं नाही. कायम तिचा काहीतरी उपास असतो. हे उपास कसले, ते न कळण्याइतके आम्ही अडाणी नाही. मी म्हणालो, "कशाला अपमान करून घ्यायचा?" सरू म्हणाली, "तुमी ठिवून या. खायचं का न्हाय ते तिचं ती बघंल."

ठेवून आलो. आत गेलो नाही, कट्ट्यावर ठेवली.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात सकाळी वंदनेला एकटाच गेलो. दरवर्षी सरू पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत असते. जो तो विचारतो, "वैनी कशा हायेत?" बरी आहे म्हणतो. ते म्हणून म्हणून तोंड दुखतं.

घरी येऊन रताळी उकडली. दूध, लोणी, चिमूटभर जायफळ घालून घोटली. सरूनं बऱ्यापैकी खाल्लं. पण ती सारखी म्हणते पातेलं मोठं घ्या. तिला लागतं चार चमचे, बाकीचं मीच संपवतो. वर दगडाबाईची वाटी आहेच. ती घासून कट्ट्यावर पालथी ठेवलेली असते. आतलं शेळीच्या पोटात जात असणार.

६ ऑक्टोबर

दिवसभर शिवारात. नदीकाठच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत गुडघाभर चिखल. माझा कामावरचा जोडीदार बलभीम आणि मी दोघंच. तो म्हणाला, "प्रेमानंदराव, तुमी मधी लई वाळला होता. आता तोंडावर जरा तजेला आला."

मला तर काही वाटत नाही. झोप हवी फक्त.

सरूनं खाल्लं : कांद्याची पात आणि बटाट्याचं सूप, अर्धी वाटी.

११ ऑक्टोबर

पांढरा सॉस. लोणी, मैदा, दूध. प्रीती म्हणते यात काहीही घालून आईला देता येईल. तीनदा केला, तीनदा गुठळ्या. तिसऱ्यांदा चमचा आपटला तर सरू भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली. तिला स्टूल दिलं.

"दूध एकदम नका वतू. पिठल्याचं पीठ कसं कालवत्यात? थोडं थोडं."

तिचा आवाज म्हणजे कागद चुरगाळल्यासारखा येतो आता. पण सॉस जमला. मऊ, दाट. कोवळ्या मक्याचे दाणे उकडून, वाटून, गाळून त्यात घातले.

त्यानंतर तिला काय झालं कुणास ठाऊक, तासभर तिथंच बसली आणि मला डबे दाखवत राहिली. हळद यात. डाळ ह्या मोठ्या डब्यात, तिला कडुलिंबाचा पाला घालायचा, न्हायतर किडे होतात. चाळणी ह्या खिळ्याला. सुरीला धार लावायची ती पाट्याच्या पाठीला. मी दिवसभर पोलावर होतो, डोळे मिटत होते. म्हणालो, "अगं, बरी झालीस की तूच बघणार आहेस हे सगळं. मला कशाला पाठ करायला लावतीस?"

ती म्हणाली, "चाळणी कुठं हाय?"

"खिळ्याला."

"हां."

आजाऱ्याला असे छंद लागतात म्हणे.

१६ ऑक्टोबर

आज लई दिवसांनी चांगलं झालं.

बार्शीला तपासणी होती. सरूला आत घेतलं, मला मागच्या वेळचे रिपोर्ट आणायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. तिथं रांग. परत आलो तर सरू आणि मॅडम बोलत बसलेल्या. सरूच्या मोबाइलवर प्रीतीही होती. मी गेलो तसा सरूनं फोन ठेवला.

मॅडम मला म्हणाल्या, "नळी घालायची नाही असं आम्ही ठरवलंय. आता पथ्य नको. त्यांना जे आवडेल ते द्या, जेवढं जाईल तेवढं."

मी विचारलं, "वजन कमी आलं तरी?"

"वजनाची काळजी सोडा आता."

औषधंही कमी केली. तीन-चार बंद केली आणि दुखण्यावरचं एकच नवीन दिलं. पुढची तारीख तर दिलीच नाही, गरज वाटली तर फोन करा म्हणाल्या. मॅडम दारापर्यंत सोडायला आल्या, सरूच्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या मनाची बाई. पेशंट बरा व्हायला लागला की डॉक्टरलाही बरं वाटत असणार.

येताना रस्त्याला डोंगरातली सीताफळं घेऊन बाया बसल्या होत्या. मी पाटीभर घेतली. सरू म्हणाली, "एवढी?" मी म्हणालो, "पथ्य सुटलंय तुझं!" ती खिडकीतून बघत राहिली. दमली होती.

१९ ऑक्टोबर

आज सीताफळाचं कस्टर्ड. प्रीती म्हणाली, सीताफळ शिजवलं की कडू होतं, म्हणून अंडी, दूध, साखर यांचं आधी वाफेवर घट्ट करायचं आणि गार झालं की वरून गर कालवायचा. बिया काढता काढता बोटं काळी पडली. पण असं झालं की मी सरूच्या आधी चाखलं आणि दोनदा चाखलं.

सरूनं डोळे मिटून तीन चमचे खाल्ले. म्हणाली, "गोड लागलं." मी विचारलं, "खरंच कळली चव?" म्हणाली, "कळली." बघा! जिभेला चव परत आली. मी लगेच प्रीतीला सांगितलं. तिकडं पोरगी नाक ओढत होती. म्हणाली कांदा चिरतेय. हॉटेलात एवढे कांदे असतात.

दिवाळीला ती मोठी सुट्टी घेऊन येतेय. सणासुदीला हॉटेलवाले सुट्टी देत नाहीत, पण तिचा मालक बरा दिसतोय.

२२ ऑक्टोबर

सकाळी दगडाबाई दारात. हातात आमची वाटी. मला वाटलं, आता तोंडावर सांगायला आली की पाठवू नका.

"वायरमन, काल वाटी न्हाय आली."

मी तिच्या हातातली वाटी घेतली.

"काय झालं? सरूचं दुखतंय का लई?"

"नाही, काल मी उशिरा आलो. मावशी, तुम्ही ते... खाता?"

तिनं तोंड उघडून दाखवलं. एकही दात नाही. "सून भाकर करून ठिवून जाती रानात. म्या पाण्यात भिजवून गिळते. तुजं ते भोपळ्याचं लई ग्वाड लागतं बग. पयल्या दिशी वास घेतला आन् म्हनलं, मराया टेकले आता, कुनाचा उपास धरू?"

मी आत गेलो. सरू खाटेवर उठून बसली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मला म्हणाली, "तिला कट्ट्यावर नका देऊ. आत बसवा."

बसवली. दगडाबाईनं रात्रीचं गार सूप तसंच खाल्लं, वाटी बोटानं पुसून. इतकी वर्षं गिळलेलं मला त्या वेळी बोलून दाखवायचं होतं, पण बाई खात होती. खाणाऱ्याला काय बोलणार?

२८ ऑक्टोबर

प्रीती येऊन आठवडा होत आला. मला वाटलं होतं आता माझी सुटका. पण सरू ऐकत नाही. "तिला न्हाय, तुमी करा." पोरगी पगार घेऊन हे काम करते, ती बाजूला हाताची घडी घालून उभी आणि मी पोलावरून उतरून तिच्या देखत कांदा चिरतोय. आज चिडून प्रीतीला म्हणालो, "तू तरी समजाव आईला. माझा जीव चाललाय." ती म्हणाली, "आई म्हणते तसं करा, पप्पा." आणि भांडी घासायला निघून गेली. आधीच घासलेली भांडी.

आज पेरू. पाण्यात मऊ शिजवून, गाळून, वर थोडी साय. सरू : एक चमचा.

३ नोव्हेंबर

सरू कमी खातेय, पण मॅडम म्हणाल्याच आहेत की जेवढं जाईल तेवढं. झोपते फार. नव्या औषधानं असेल. झोपेत अंग भरून येतं म्हणतात.

आज तिला सांगितलं, थंडी सरली की पुण्याला जाऊ. प्रीतीच्या हॉटेलात बसायचं. मी केलेलं कितपत खरं आहे ते खऱ्या ठिकाणी खाऊन बघायचं. तिथं टेबलावर कापड असतं म्हणे. मी इस्त्रीचा शर्ट घालीन.

ती हसली. म्हणाली, "जाऊन या."

"जाऊन या काय? दोघं जायचं."

"व्हय," म्हणाली.

९ नोव्हेंबर

प्रीतीनं मला मागं पाण्याच्या टाकीजवळ बोलावलं. म्हणाली, "पप्पा, बलभीमकाका भेटले. तुम्ही ऑफिसात सगळ्यांना सांगताय आई बरी झाली म्हणून."

"मग? नळी टळली."

"टळली नाही. उपयोग नाही म्हणून घालत नाहीत. आजार खाली छातीत उतरलाय. मॅडमनी बार्शीला तेच सांगितलं. आईनं माझ्याकडून शपथ घेतली होती."

मी काय बोललो ते आठवत नाही. तिथंच उभा होतो. टाकी भरून वाहायला लागली, प्रीतीनं मोटर बंद केली.

आता बसून लिहितोय तेव्हा वाटतं, मला खरंच कळलं नव्हतं का? औषधं बंद करतात, तारीख देत नाहीत, पोरीला सणात महिन्याची सुट्टी मिळते. लाइन कुठं तुटली ते तारेकडं बघून सांगणारा माणूस मी.

आत गेलो. राग सरूचाच आला. कांदा करपवला. म्हणालो, "मला का नाही सांगितलंस? मी कोण आहे तुझा?"

तिनं मला खाटेवर बसायला खूण केली. बोलायला तिला फार वेळ लागतो. "तुमी रडत बसला असता," म्हणाली. "मग कांदा कुणी चिरला असता?"

मी रडत बसलोच. तिनं रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "करपल्याचा वास येतोय. पातेल्यात पानी टाका, न्हायतर घासताना हात जातील तुमचे."

१७ नोव्हेंबर

रजा टाकली आहे. आता काहीच जात नाही. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करतो.

तरी दुपारी विचारलं तिनं, "आज काय केलंय?"

काही केलं नव्हतं. कुणासाठी करायचं? पण तिनं विचारलं म्हणून उठलो. दगडाबाईच्या वेलाचा शेवटचा भोपळा होता, छोटा. सगळं नीट केलं. कांदा लाल होऊ दिला नाही. वाटी घेऊन तिच्याजवळ गेलो. प्रीती उशाशी होती.

सरू म्हणाली, "सांगा."

मग मी सांगत बसलो. भोपळा कसा चिरला, साल किती जाड निघालं, लोणी कधी टाकलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मीठ?"

"बरोबर आहे."

"मग खावा तुमी. म्या बघते."

मी चमचा वाटीत नुसता फिरवत राहिलो. प्रीती भिंतीकडं तोंड करून बसली. पण सरूनं डोळे उघडले होते आणि ती बघत होती. मी एक एक चमचा गिळला. वाटी रिकामी करून तिला दाखवली. तिनं मान हलवली आणि झोपली.

२४ नोव्हेंबर

सरू गेली. शुक्रवारी सकाळी, प्रीती तिचे केस विंचरत होती तेव्हा. लिहायला दुसरं काही नाही.

७ डिसेंबर

सरूच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला. प्रीतीला काल पुण्याच्या गाडीत बसवलं. इथंच राहते म्हणत होती, मी राहू दिलं नाही. तिची नोकरी आहे. माझीही परवापासून सुरू होईल.

बहिणीनं चार दिवसांच्या भाकरी करून ठेवल्यात. दोन दिवस त्याच खातोय, चहात बुडवून. घरात आवाज नाही.

१५ डिसेंबर

थंडी पडली. आज शिवारात दुपारभर वर चढून होतो, बोटं वाकत नव्हती. संध्याकाळी घरी आलो, कपडे बदलले आणि खाटेवर बसून राहिलो. दिवा लावायचं पण मनात येईना.

मग दगडाबाई आली. काठी टेकत टेकत सरळ आत, आणि गॅसच्या शेगडीजवळ बसली. म्हणाली, "वायरमन, थंडीनं आतडी गोठली माजी. कायतरी ऊन ऊन कर."

मी म्हणालो, "मावशी, भोपळा संपला. घरात नुसते कांदे आहेत."

"मग कांद्याचं कर. कांद्याचं व्हत न्हाय व्हय त्या लोकांत?"

मला ठाऊक नव्हतं. प्रीतीला फोन लावला. ती कामावर होती, मागं भांड्यांचा आवाज. विचारलं, "कांद्याचं सूप असतं का गं?"

"असतं की. त्यांचं सगळ्यात साधं तेच. पण पप्पा, यात कांदा लाल करायचा. मंद आचेवर, तास लागेल. मग पाणी आणि वर भाजलेला पाव. पाव नसेल तर भाकरीचा तुकडा, भिजून मऊ होतो." मग तिनं सवयीनं विचारलं, "किती जणांसाठी करताय?"

"दोघांसाठी."

तिकडं भांडी वाजत होती. मग ती हळूच म्हणाली, "पप्पा..."

"दगडामावशी आलीय," मी म्हणालो. "भूक लागलीय म्हणते."

प्रीतीनं मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "आणि तुम्हाला?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"मलाही," म्हणालो.

"मग कांदे चार घ्या," ती म्हणाली. "मोठे."